सोन्याच्या पट्टीतले दात

दातांच्या दवाखान्यात ब्रिजची गोष्ट निघाली की रुग्ण आधी विचारतो, ‘नीट चावता येईल ना?’ अडीच हजार वर्षांपूर्वी मध्य इटलीत ज्या बायकांच्या तोंडात असे दात बसवले गेले, त्यांना ही काळजी फारशी नसावी. त्यांचे दात दिसण्यासाठी होते.

या बायका एट्रुस्कन समाजातल्या. अर्नो आणि टायबर या नद्यांच्या दरम्यान त्यांची शहरं होती. रोम अजून मोठं व्हायचं होतं, तेव्हा ही शहरं खनिजांवर आणि समुद्री व्यापारावर गबर झाली होती. दागिन्यावर सोन्याचे बारीक रवे बसवण्यात तिथल्या सोनारांचा हात धरणारं कोणी नव्हतं. थडग्यांमध्ये त्या दागिन्यांबरोबर सापडले ते दातांना वेढलेले सोन्याचे पट्टे. आजवर असे सुमारे वीस नमुने माहीत आहेत.

काम सोनाराचंच. शुद्ध सोनं ठोकून त्याचा पातळ पत्रा करायचा, काही मिलिमीटर रुंदीची पट्टी कापायची आणि ती शाबूत दातांभोवती वळवायची. पडलेल्या दाताच्या जागी पट्टीत खोटा दात उभा करायचा आणि दोन्हींतून आरपार सोन्याची पिन घालून तो पक्का करायचा. शेजारच्या दातांना कानस लागत नसे. ते फक्त पट्टी धरून ठेवत.

खोटा दात कधी माणसाचा असे, कधी जनावराचा. नेपल्सचे दंतवैद्य विंचेन्झो गेरिनी यांनी १९०९ साली दंतवैद्यकाचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात तार्क्विनियाच्या (तेव्हाचं कोर्नेतो) एका नमुन्याचं वर्णन आहे. समोरचे दोन दात म्हणून तिथे गुराचा एकच दात बसवलेला होता आणि मधोमध उभी खाच पाडून त्याचे दोन भासवले होते. कारागिराची लबाडी म्हणा की हुशारी, समोरून पाहणाऱ्याला ती खाच पुरेशी होती.

हे पट्टे जवळजवळ सगळे पुढच्या दातांवरचे आहेत. शुद्ध सोनं मऊ. त्यावर रोजच्या चावण्याचा भार टिकणं कठीण. मानववंशशास्त्रज्ञ मार्शल बेकर यांनी हे नमुने वर्षानुवर्षं अभ्यासले आणि ते बायकांचेच असल्याचं मांडलं. काहींनी तर दागिना घालता यावा म्हणून चांगले दात मुद्दाम काढून घेतले असावेत, असंही त्यांचं मत आहे. हौसेला मोल नसतं हे खरं, पण इथे ते दातांनी चुकतं केलं.

पुढे रोमन कायद्यालाही या सोन्याची दखल घ्यावी लागली. इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास झालेल्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्याने प्रेताबरोबर सोनं ठेवायला मनाई केली; मात्र दात सोन्याने बांधलेले असतील तर त्या सोन्यासकट पुरायला किंवा जाळायला मुभा दिली. सिसेरोने हे कलम नोंदवून ठेवलं आहे. मेलेल्याच्या जबड्यातून सोनं उचकटून काढायची वेळ त्यामुळे नातेवाइकांवर आली नाही.

नंतर मोठा खंड पडतो. १७२८ साली पॅरिसच्या प्येर फोशारने आपल्या ग्रंथात दाताच्या मुळात खुंटी बसवून त्यावर दात उभा करण्याची रीत सविस्तर लिहिली. १९०७ मध्ये शिकागोच्या विल्यम टॅगर्टने मेणाचा साचा वितळवून त्या पोकळीत सोनं ओतण्याचं तंत्र दंतवैद्यांपुढे ठेवलं. मूर्तिकारांना ते नवं नव्हतं: कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त, बाराव्या शतकात, मेणावरून धातूची मूर्ती ओतण्याची कृती दिलेली आहे. टॅगर्टने मात्र पेटंट घेतलं आणि सहकाऱ्यांना कोर्टात खेचलं. तिथे आयोवाच्या फिलब्रुक नावाच्या दंतवैद्याचा १८९७ मधला निबंध पुढे आला आणि टॅगर्टचा दावा फसला.

अशा ओतीव कामामुळे कॅप घट्ट बसू लागल्या आणि ब्रिज चावण्याजोगा झाला. भुर्दंड शेजारच्या दातांना पडला. आधार देण्यासाठी त्यांना चहूबाजूंनी घासावं लागू लागलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात त्यावर उतारा शोधला गेला: खोट्या दाताला धातूचे दोन पातळ पंख जोडायचे आणि ते शेजारच्या दातांना चिकटवायचे, म्हणजे घासणं नावापुरतंच उरतं. पातळ पत्रा असा पुन्हा तोंडात आला. एट्रुस्कन बायका तो समोरून मिरवत. मेरीलँड ब्रिजचे पंख जिभेच्या बाजूला लपवलेले असतात.