खुब्याचें हाड : शस्त्र आणि काढा

घरांतील वृद्ध आजी न्हाणीघरांत पाय घसरून पडते. उठूं पाहते, पण पाय उचलत नाहीं. तो आंखूड झालेला व बाहेरच्या बाजूस वळलेला दिसतो. खुब्याजवळ मांडीचें हाड मोडलें, हें जाणत्यास पाहतांच कळतें. पूर्वीं या अपघातांत जीव जाई तो बहुधा मोडलेल्या हाडामुळें नव्हे, तर अंथरुणामुळें. महिनोन्महिने पडून राहिल्यानें पाठीस व्रण होत, फुप्फुसें सुजत आणि रोगी खंगून जाई. या संकटावर चीन देशांत शस्त्र व वनौषधी यांची सांगड कशी पडली, तें आज पाहूं.

तांग घराण्याच्या अमदानींत, इ. स. ८४१ ते ८४६ च्या सुमारास, लिन नांवाच्या एका विरक्त साधूनें अस्थिभंगावरील आपली विद्या मागें ठेवली. या विषयावरील उपलब्ध चिनी ग्रंथांत त्याचा लहानसा ग्रंथ सर्वांत जुना मानला जातो. हाड ओढून जागीं बसवावें, वर लेप देऊन झाडाच्या सालीच्या पट्ट्या बांधाव्या, पोटांत औषध द्यावें आणि सांधा अधूनमधून हलवावा, असें तो सांगतो. हाड त्वचा फाडून बाहेर आलें व ओढूनहि आंत जाईना, तर तीक्ष्ण सुरीनें छेद घेण्यासहि तो कचरत नाहीं. सुरी आणि काढा यांत त्यास विरोध दिसलाच नाहीं.

पुढील वैद्यांनीं औषधयोजनेच्या तीन पायऱ्या ठरविल्या : प्रथम सांकळलेलें रक्त वाहतें करावें, मग हाड सांधावें, शेवटीं शक्ति भरून काढावी. पहिल्या पायरीच्या औषधांत आपल्या दख्खनच्या शेतांतील करडईचीं फुलें आहेत. दुसरींतील एका मुळीचें चिनी नांवच ‘तुटलेलें जोडणारी’ असें आहे.

परंतु खुब्यापुढें ही विद्या अपुरी पडे. तेथें मांसाचें आवरण इतकें जाड कीं, पट्ट्यांचा दाब हाडापर्यंत पोंचत नाहीं. शिवाय हाडाची मान मोडली म्हणजे तिच्या डोक्याचा रक्तपुरवठाहि तुटूं शकतो. १९२५ सालीं बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन या शल्यवैद्यानें तीन पात्यांचा पोलादी खिळा ठोकून हें हाड जखडण्यास आरंभ केला. त्यायोगें रोगी लवकर उठून बसूं लागला.

१९५८ नंतर तिएनत्सिन येथें फांग श्येन-चि व शांग थ्येन-यू या पाश्चात्त्य पद्धतीच्या शल्यवैद्यांनीं जुन्या हाडवैद्यांची विद्या आपलीशी केली. स्थैर्य व हालचाल यांचा मेळ, हाड व स्नायू यांची सारखी निगा, आंतून व बाहेरून उपचार, आणि रोग्याचें सहकार्य, हीं त्यांचीं चार सूत्रें होत. पुढें खुब्यावरील शस्त्रक्रियेनंतरहि काढे देण्याचा प्रघात चिनी रुग्णालयांत पडला.

त्यानें सूज व वेदना उतरतात, असे निष्कर्ष तेथून प्रसिद्ध होतात. पण पुष्कळशा चाचण्या लहान आहेत, तेव्हां अंतिम निर्णय घाईचा ठरेल. शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या होऊं नयेत म्हणून औषध देतात. त्यांत रक्त वाहतें करणारा काढा परभारें मिसळला, तर रक्तस्राव वाढण्याचें भय असतें. म्हणून घरांतील काढा शल्यवैद्यापासून लपवूं नये. हाड धरून ठेवणें हें खिळ्याचें काम. काढ्यानें तें होणार नाहीं. आजीस अंथरुणांतून लवकर उठविणें, हीच दोघांची खरी कसोटी होय.