परिचर्येची पदवी आणि तिचा पूर्वेतिहास

परिचर्येचे शिक्षण घ्यावयास निघालेल्या मुलीस घरची मंडळी प्रवेश, फी व नोकरी ह्यांविषयी विचारितात. ही पदवी आली कोठून, हे सहसा कोणी विचारीत नाही. ह्या शिक्षणाचे महत्त्व व त्यातील काच ही दोन्ही मात्र त्या इतिहासातच सापडतात.

१८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी शाळा काढली. शिक्षणक्रम एका वर्षाचा. उमेदवारणींची जी नोंद ठेवीत, तीत जखम बांधण्याच्या कौशल्याबरोबर वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा ह्यांचेही रकाने असत. परीक्षेने ज्ञान कळते, शील कळत नाही, ह्या समजुतीने नाइटिंगेलबाईंनी परिचारिकांच्या सरकारी नोंदणीस पुढे विरोधच केला. इंग्लंडात तो कायदा त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १९१९ साली झाला. बाईंचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. तथापि शील पाहण्याच्या मिषाने पुष्कळदा नुसता आज्ञाधारकपणाच पाहिला गेला, आणि ती खोड रुग्णालयांतून अद्याप पुरती गेलेली नाही.

आपल्याकडे अडचण निराळीच होती. १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनी पुण्यात सेवासदन स्थापिले, व लवकरच तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. त्यांत विधवा पुष्कळ. जिने उंबरठा ओलांडला तरी आळीत कुजबुज व्हावी, तिने परक्या पुरुषाच्या उशाशी रात्र जागावी, कोणत्याही जातीच्या रोग्यास पाणी पाजावे, मलमूत्र काढावे! ज्यांस दुसरा मार्ग नव्हता त्यांनीच हे धैर्य प्रथम केले. त्यांचा गौरव व्हावयाचा, तो न होता ‘निराधार बाईचा धंदा’ हा शिक्का मात्र कामावर बसला. सुखवस्तु घरांतील आजचा संकोच त्याच शिक्क्याचा अवशेष आहे, असे आम्हांस वाटते.

ह्या संकोचाची किंमत १९४६ साली आकड्यांत दिसली. त्या वर्षीच्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर परिचारिका सुमारे ४३,००० लोकांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचा विद्यापीठीय पदवीक्रम सुरू झाला, आणि १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. डॉक्टरचा हुकूम उचलणारी बाई, ही ओळख पुसून शरीरशास्त्र, औषधे व रोग्याच्या मनाची स्थिती जाणून निर्णय घेणारी व्यक्ती तयार व्हावी, असा ह्या पदवीचा अर्थ होता.

आज हा क्रम चार वर्षांचा असून त्यास बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. मुलगेही तो घेतात. पदवी मिळाली तरी राज्य परिषदेकडे नोंदणी केल्यावाचून काम करता येत नाही. वर्गातील व्याख्यानांइतकाच वेळ, किंबहुना अधिक, रोग्यांच्या खाटांशी जातो. म्हणून महाविद्यालयाची इमारत व माहितीपत्रक पाहून भुलू नये. विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात जातात, तेथे खरोखर रोगी किती असतात, आणि त्यांस शिकवितात की नुसते राबवितात, हे शेवटच्या वर्षातील एखाद्या मुलीस गाठून विचारावे. चार वर्षांचा खर्च झेपत नसेल त्यांस तीन वर्षांची पदविका आहे. ती व नोंदणी झाल्यावर पुढे दोन वर्षांत पदवी घेता येते, आणि कित्येकजणी नोकरीत चार पैसे साठवून तसे करितातही.