एचआयव्ही आणि लिम्फोमा : केमोथेरपी सोसवेल का?

"एचआयव्ही आहे, त्यात गाठींचा कॅन्सर. आता केमो सोसवेल का?" सातारा-सांगलीकडच्या घरांतला हा प्रश्न साधार आहे. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. त्यावरची 'चॉप' ही चार औषधांची केमोथेरपी १९७० च्या दशकापासून वापरात आहे. त्यातले व्हिन्क्रिस्टीन आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते. पण केमोमुळे पांढऱ्या पेशी घटतात आणि एड्समध्ये प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असते. रुग्ण जंतुसंसर्गाने दगावत, म्हणून डोस कमी ठेवत. १९९७ च्या एका अमेरिकन अभ्यासात कमी डोस पूर्ण डोसइतकाच उपयोगी ठरला. तरी निम्मे रुग्ण सुमारे आठ महिन्यांतच गेले.

१९९६ पासून तीन औषधांच्या एआरटीने चित्र पालटले. सांगलीत 'संग्राम' संस्था १९९२ पासून एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करत होती, पण या गोळ्या सामान्यांच्या आवाक्याबाहेर होत्या. परदेशी कंपन्यांचा वर्षाचा दर १०,००० डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ३५० डॉलरचा प्रस्ताव दिला. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत सरकारी मोफत एआरटी सुरू झाली.

केमो बरीचशी तीच राहिली. ती सोसण्याची ताकद एआरटीने दिली. आज बहुतेकांना पूर्ण डोस देता येतो आणि अनेकजण बरे होतात. म्हणून केमो चालू असताना एआरटी स्वतःहून थांबवू नका. झिडोव्हुडीनसारखी गोळी रक्तपेशी घटवते, ती बदलावी लागू शकते. दोन्ही डॉक्टरांना सर्व गोळ्या दाखवा.