पेन्सिल सेलचा हिशेब

गेल्या दिवाळीत जेऊर स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या सॅकमध्ये सत्तर हजारांच्या आसपासचं एक यंत्र होतं आणि घरी त्याची किंमत किती सांगायची, हे अजून ठरत नव्हतं. यंत्र म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचा कॉम्प्युटर. पुण्यात गाडी सुटल्यावर खेळायला बसलो आणि भिगवण आलं तेव्हा बॅटरी लाल झाली होती.

या यंत्रांचा इतिहासही रेल्वेतच सुरू होतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस निन्टेन्डोतले गुनपेई योकोई जपानच्या बुलेट ट्रेनने चालले होते. समोर एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला. त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' आलं. त्याला पडदा कॅल्क्युलेटरचाच होता. जुनं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान नव्या कामाला लावायचं, हे योकोईंचं धोरण. १९८९चा 'गेम बॉय' त्याच धोरणाचा. पडदा कृष्णधवल, मागून उजेड नाही. पण चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. पुढच्या वर्षी सेगाने रंगीत, उजेडाचा 'गेम गिअर' आणला. तो सहा सेल घ्यायचा आणि तीन ते पाच तासांत ते संपवायचा. दिसायला गेम गिअर उजवा होता, तरी बाजार गेम बॉयने मारला.

आमच्याकडे यातलं काहीच आलं नाही. आला तो 'ब्रिक गेम'. मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली लिहिलेल्या टेट्रिसची चिनी नक्कल. खोक्यावर '९९९९ इन १' छापलेलं, आत खेळ मोजून दहा-पंधरा. माझा आतेभाऊ तो करमाळ्याच्या कमलादेवीच्या यात्रेतून घेऊन आला होता. ती लोडशेडिंगची वर्षं होती. टीव्ही बंद पडायचा, ब्रिक गेम चालायचा. त्याला उजेड नसल्यामुळे आम्ही पाच-सहा पोरं कंदिलाभोवती बसायचो. आउट झाला की गेम पुढच्याच्या हातात द्यायचा, हा नियम. आतेभाऊ आउट व्हायचाच नाही, म्हणून बाकीच्यांनी मिळून त्याच्यासाठी वेगळा नियम केला होता.

मग फोन आले. २०१६ साली जिओमुळे डेटा स्वस्त झाला, २०१८ साली पबजी मोबाईल आला, सप्टेंबर २०२०मध्ये त्यावर बंदी आली आणि २०२१ साली तोच खेळ बीजीएमआय नावाने परतला. खेळ फुकट, फोन घरात होताच.

हातातल्या कॉम्प्युटरची लाट याच काळातली. चिनी 'जीपीडी विन' २०१६चा, व्हॉल्व्हचा 'स्टीम डेक' फेब्रुवारी २०२२चा. असूसचा 'आरओजी अ‍ॅलाय' जुलै २०२३मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला. पेन्सिल सेलचा हिशेब मात्र कुणालाच चुकलेला नाही. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची. चिप एकटी १५ वॅटपर्यंत ओढते, त्यावर पडदा आणि पंखा. म्हणजे जड खेळ दोन तासही धरत नाही. हलका, जुना खेळ सहा-सात तास जातो. गेम बॉय आणि गेम गिअर एकाच डब्यात बसवलेत. कुठला बाहेर काढायचा ते खेळणाऱ्याने ठरवायचं.

मग हे कुणाला मानवतं? मला मानवतं. कॉलेजात रात्र रात्र पीसीवर खेळलो, आता रोजची चाळीस मिनिटं मिळतात. बटण दाबलं की खेळ आहे तिथे थांबतो, दाबलं की तिथूनच सुरू होतो. हा याचा खरा गुण. चुरशीने व्हॅलोरंट खेळणाऱ्याला माऊस-कीबोर्डच हवा. स्टीम डेकच्या लिनक्सवर तर तो खेळ चालतच नाही. लहान पोराच्या हाताला साडेसहाशे ग्रॅम जड होतात. आणि ज्याच्याकडे पीसी नाही, त्याने एवढ्या पैशांत आधी पीसी घ्यावा. त्यावर इतर कामंही होतात.

आतेभावाचं काय, हे मला बघायचं होतं. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्री होती. उसाला पाणी द्यायला त्याच्यासोबत गेलो. मोटर चालू करून विहिरीच्या कडेला बसलो आणि यंत्र त्याच्या हातात दिलं. गाड्यांच्या शर्यतीत तो तिसऱ्याच फेरीला माझ्यापुढे गेला. मग म्हणाला, "कितीला पडलं?"

त्याच्याशी खोटं बोलवेना. सांगितलं.

"एकराचं ठिबक होतंय की रं यात."

अजून दोन फेऱ्या खेळला, यंत्र नीट पुसून परत दिलं आणि खिशातून फोन काढला. बीजीएमआयमध्ये तिघे जण त्याची वाट बघत होते. तिघेही आपापल्या मोटरीपाशी बसलेले. कुणाचा तरी आवाज आला, "दारं मोडून येतो, थांबा." सगळे थांबले.

वीस वर्षांपूर्वीचं ते कंदिलाभोवतीचं कोंडाळं फोनमध्ये अजून शाबूत होतं, आणि मी सत्तर हजार देऊन त्यातून बाहेर पडलो होतो. यंत्र वाईट नाही. ते एकट्याचं आहे, आणि माझा प्रवास आता एकट्याचा असतो.

सकाळी वडलांना खरी किंमत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चालतंय ना नीट?"