सोंग कोणाचे घ्यावे?

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण व्यवहारात म्हणतो. इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एक सोंग तितकेच अवघड वाटते; ते म्हणजे होऊन गेलेल्या माणसाचे. चारपाच जणांनी मेजाभोवती बसावे, प्रत्येकाने एकेक पात्र पत्करावे, आणि फाशांच्या दानावर व परस्परांच्या संभाषणावर कथा पुढे न्यावी, असा एक खेळ अलीकडे आपल्या तरुणांतही रूढ होत आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तो अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. ह्या खेळात इतिहासपुराणांतील व्यक्ती घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर कोणती, हा प्रश्न वरवर पोरखेळ वाटेल. पण त्याच्या मुळाशी इतिहासाकडे पाहण्याची आपली दृष्टीच आहे.

सोंग घेणे खानदेशास नवीन नाही. पश्चिम खानदेश, नाशिक व डांग यांच्या सीमेवरील डोंगराळ गावांत भोवाड्याच्या रात्री मशालींच्या उजेडात आणि संबळाच्या तालावर गणपती, नरसिंह, रावण यांची सोंगे नाचतात. तेथे मुखवटा चढविणारास निवड करावयाची नसते. नरसिंह हिरण्यकशिपूस मारणारच, हे गावातले लहान मूलही जाणते. शेवट ठरलेला असतो, आणि त्या ठरलेल्या शेवटापुढे नम्र होणे हाच त्या सोंगाचा धर्म आहे.

नाटककाराची गोष्ट थोडी निराळी. विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ साली ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहून इतिहासास रंगभूमीवर आणले. पुढे खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ रचले, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला ओळखले, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. जुन्या पात्रात नवा अर्थ भरता येतो तो असा. तथापि तेथेही शेवट नाटककाराच्या हाती असतो, नटाच्या नव्हे.

मेजावरच्या खेळात मात्र शेवट मोकळा असतो, आणि अडचण येते ती येथेच. एखाद्याने शिवछत्रपतींचे पात्र घेतले, तर इतिहासाप्रमाणे वागावयाचे म्हणजे खेळणे उरत नाही, आणि इतिहास सोडून वागावयाचे म्हणजे छत्रपती उरत नाहीत. शिवाय आदरापोटी त्यांच्या हातून चूक घडविण्यास आपले मन धजत नाही. आणि जे चुकू शकत नाही, त्या पात्रास निर्णय तरी कसला करावयाचा?

म्हणून मला खाज्या नाईक सुचतात. शिरपूरच्या उत्तरेस, मुंबई–आग्रा मार्गावरील सेंधव्याच्या घाटाची राखण हे भिल्ल नाईक सरकारच्या वतीने करीत. पकडलेल्या एका संशयिताचा त्यांच्या हातून मृत्यू घडला. त्याबद्दल त्यांना कैद भोगावी लागली. सुटकेनंतर १८५७ साली सरकारने त्यांना पुन्हा कामावर घेतले, आणि त्याच वर्षी ते बंडात उतरले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे भिल्लांची इंग्रजी फौजेशी मोठी लढाई झाली.

ह्या पात्राचा खरा क्षण लढाईचा नव्हे. पुन्हा मिळालेल्या चाकरीचा आहे. पुढ्यात पगार आहे, पाठीशी तुरुंगाची आठवण आहे, भोवती आपली माणसे आहेत. घाट राखावा की सोडावा? आणि त्यांचे सोंग घेणाराने तो मेलेला संशयितही विसरता कामा नये. निव्वळ शूर नाईक घेतला आणि तो डाग पुसून टाकला, तर आपण मुखवटाच घेतला, माणूस नव्हे.

ज्या धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले, आणि जेथे पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, त्या गावच्या प्रदेशात हे सांगावे लागू नये. अस्सल कागदावाचून विधान करू नये, असा त्यांचा आग्रह होता. खेळात कल्पनेस मुभा आहे, ती असावीच. पण जेथे कागद बोलतो तेथे तिने ऐकावे, आणि जेथे तो गप्प होतो तेथून पुढे तिने चालावे. थोरांचे सोंग घेतल्याने कोणी थोर होत नाही. परंतु पेचात सापडलेल्या माणसाच्या जागी एक संध्याकाळ बसल्याने, त्याच्याविषयी निकाल देताना आपली जीभ थोडी अडखळू लागते. आणि इतिहास वाचणारास एवढे अडखळणे पुष्कळ आहे.