कोणत्या अण्णांचा माणूस? बीडच्या राजकीय वैराचा नकाशा

बीड जिल्ह्यात नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला पहिली अडचण येते ती नावांची. ‘अण्णांनी पाठवले आहे’ असे सांगत एखादा कार्यकर्ता दालनात येतो आणि अण्णा म्हणजे नेमके कोण, हे विचारण्याची सोय नसते. बीड शहरात अण्णा म्हणजे जयदत्त क्षीरसागर. आष्टीत अण्णा म्हणजे सुरेश धस. परळीतील जुन्या मंडळींनी अण्णा म्हटले, की त्यांच्या डोळ्यांपुढे २०१६ मध्ये निवर्तलेले पंडितअण्णा मुंडे असतात. याखेरीज काकू, ताई, भाऊ, दादा आहेतच. जिल्ह्याचे राजकारण नात्याच्या संबोधनांनी चालते आणि त्यातील भांडणेही बव्हंशी नात्यातलीच असतात.

अशा वेळी नवखा माणूस पक्षाच्या नावाचा आधार शोधतो. तो आधार इथे फार काळ टिकत नाही. जयसिंगराव गायकवाड १९९८ आणि १९९९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे खासदार होते. २००४ मध्ये त्याच मतदारसंघातून ते राष्ट्रवादी काँग्रेसचे खासदार झाले. केजमध्ये २०१९ साली राष्ट्रवादीने नमिता मुंदडा यांची उमेदवारी जाहीर केली आणि काही दिवसांतच त्या भाजपच्या उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या, निवडूनही आल्या. सुरेश धस यांनी २०१४ ची लोकसभा निवडणूक राष्ट्रवादीकडून गोपीनाथ मुंडे यांच्याविरुद्ध लढवली. २०१८ मध्ये ते भाजपतर्फे विधान परिषदेवर गेले. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ही निव्वळ संधिसाधूपणाची उदाहरणे वाटतात. ती तशी नाहीतच, असे नाही. तथापि प्रत्येक वेळी नेत्याबरोबर त्याचा गट जसाच्या तसा नव्या पक्षात जातो, ही बाब अधिक बोलकी आहे. गट कायम राहतो, पाटी बदलते.

हा गट टिकून राहतो तो संस्थांच्या बळावर. परळीजवळ पांगरी येथे वैद्यनाथ, तेलगावला सुंदरराव सोळंके, गढीला जय भवानी, राजुरी नवगणला गजानन अशा सहकारी साखर कारखान्यांभोवती जिल्ह्यातील घराण्यांचे राजकारण उभे राहिले. सुंदरराव सोळंके हे १९७८ ते १९८० या काळात राज्याचे उपमुख्यमंत्री होते. त्यांचे पुत्र प्रकाश सोळंके पुढे माजलगावचे आमदार झाले. कारखान्याच्या जोडीला शिक्षण संस्था, बाजार समिती, नगरपालिका आणि जिल्हा बँक. गावच्या सेवा सोसायटीचे संचालक बाजार समितीसाठी मतदान करतात, सोसायट्यांचे प्रतिनिधी जिल्हा बँकेचे संचालक निवडतात. म्हणूनच एखाद्या आडगावच्या सोसायटीच्या निवडणुकीत आमदार जातीने लक्ष घालतो, तेव्हा ते विनाकारण नसते.

सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ अगदी रोकडा आहे. ऊस पक्व झाल्यावर वेळेत तुटला नाही, तर त्याचे वजन घटते आणि पुढचे पीकही लांबते. तोडीचा कार्यक्रम कारखाना ठरवतो, फडावर टोळी कधी येणार हे चिटबॉयच्या हाती असते. विरोधी गटाच्या सभासदाचा ऊस शेवटी तुटतो, ही तक्रार सहकारी कारखानदारीइतकीच जुनी आहे. पीककर्ज, संस्थेतील शिक्षकाची नोकरी, गाळ्याचा परवाना यांची कथाही निराळी नाही. ज्याला शहरात ‘नागरिकाचे काम’ म्हणतात, ते येथे कोणाचा तरी माणूस होऊनच करून घ्यावे लागते.

त्यातही हा जिल्हा दुष्काळी. येथून दरवर्षी लाखो मजूर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात त्यांचा हंगाम जातो. शेकडो कोयत्यांना बांधून असणारा मुकादम मतदानाच्या दिवशी काय करू शकतो, हे वेगळे सांगायला नको. गोपीनाथ मुंडे यांच्या नेतृत्वाचा पाया याच ऊसतोड कामगारांत होता. परळी तालुक्यातील नाथ्रा गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा १९८० मध्ये रेणापूरमधून आमदार झाला आणि १९९५ मध्ये उपमुख्यमंत्री.

याच घरातील दुफळी जिल्ह्यातील वैराचा नमुना म्हणून पाहता येते. गोपीनाथरावांचे थोरले बंधू पंडितअण्णा गावाकडचा कारभार पाहत आणि पंडितअण्णांचे पुत्र धनंजय काकांच्या तालमीत तयार झाले. २००९ मध्ये काका लोकसभेत गेले. नव्याने झालेल्या परळी मतदारसंघाची उमेदवारी पुतण्याला मिळणार, असे अनेकांनी गृहीत धरले होते. ती कन्या पंकजा यांना मिळाली. धनंजय यांची विधान परिषदेवर बोळवण झाली. पण सल गेला नाही. २०११ च्या अखेरीस परळी नगरपालिकेची निवडणूक झाली आणि नगराध्यक्षपदाच्या निमित्ताने तो उघड झाला. २०१२ मध्ये पंडितअण्णा राष्ट्रवादीत गेले, पाठोपाठ धनंजयही. देशपातळीवरच्या नेत्याच्या घराला तडा गेला तो एका नगरपालिकेच्या खुर्चीवरून, याचे दिल्ली-मुंबईत आश्चर्य व्यक्त झाले. परळीत ते कोणाला वाटले नाही. गावावर ताबा कोणाचा, हाच तर मूळ प्रश्न होता.

३ जून २०१४ रोजी दिल्लीतील अपघातात गोपीनाथरावांचे निधन झाले. त्याच वर्षी विधानसभेला पंकजा यांनी चुलत भावाचा २५,८९५ मतांनी पराभव केला. २०१९ मध्ये धनंजय यांनी ३०,७०१ मतांनी तो फेडला. मधल्या काळात दसरा मेळाव्याचे स्थळही वादात सापडले. भगवानगडावर राजकीय भाषणे नकोत, अशी भूमिका महंतांनी घेतल्यानंतर २०१७ पासून पंकजा यांनी मेळावा संत भगवानबाबांच्या जन्मगावी, सावरगाव घाट येथे नेला.

क्षीरसागरांच्या घरातील भांडण याहून गुंतागुंतीचे. केशरकाकू क्षीरसागर १९८०, १९८४ आणि १९९१ मध्ये बीडच्या खासदार होत्या. एक पुत्र जयदत्त मंत्री, दुसरे भारतभूषण वर्षानुवर्षे बीडचे नगराध्यक्ष, अशी वाटणी सुखाने चालली होती. तिसरे पुत्र रवींद्र यांचे चिरंजीव संदीप यांनी वाटा मागितला आणि २०१६ च्या नगरपालिका निवडणुकीत ‘काकू-नाना आघाडी’ उभी राहिली. काकांविरुद्ध लढायचे ते आजीचे नाव घेऊन! वारसा नाकारायचा नसतो, तो आपल्याकडे ओढायचा असतो, हे या एका नावावरून कळते. २०१९ मध्ये जयदत्त शिवसेनेत जाऊन मंत्री झाले आणि त्याच वर्षी पुतण्याकडून १,९८४ मतांनी हरले. २०२४ मध्ये संदीप यांच्यासमोर भारतभूषण यांचे पुत्र योगेश होते. विजय पुन्हा संदीप यांचा झाला. गेवराईत तर पंडितांविरुद्ध पंडित ही लढत दोन पिढ्यांची आहे. २०२४ मध्येही विजयसिंह पंडित यांनी बदामराव पंडित यांना हरवले.

सगळा उलगडा मराठा-वंजारी या एका जोडीने होतो, असा नवख्या माणसाचा दुसरा समज असतो. जातीचे गणित येथे नाकारता येणार नाही, पण ते नेहमीच निर्णायक होते असेही नाही. सातारकडचे क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ मध्ये कम्युनिस्ट पक्षातर्फे याच बीडमधून लोकसभेवर गेले. १९७७ मध्ये मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. शिवाय भाऊबंदकी तर जातीच्या आतच असते. गेल्या काही वर्षांत मात्र जातीची रेघ ठळक झाली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात प्रकाश सोळंके आणि संदीप क्षीरसागर यांची घरे पेटवण्यात आली. पुढच्या वर्षी लोकसभेला पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी हरल्या आणि बजरंग सोनवणे खासदार झाले.

त्या निवडणुकीच्या आधीच परळीतले वैर मिटले होते. २०२३ च्या जूनमध्ये वैद्यनाथ कारखान्याची निवडणूक बहीण-भावाने समझोत्याने बिनविरोध केली. जुलैत धनंजय हे अजित पवारांबरोबर सत्तेत आले आणि दोघे एकाच युतीत बसले. २०२४ च्या दसऱ्याला सावरगावच्या व्यासपीठावर दोघे एकत्र दिसले, नोव्हेंबरमध्ये धनंजय १,४०,२२४ मतांनी जिंकले, डिसेंबरमध्ये दोघेही मंत्री झाले. घरातले भांडण मिटले म्हणून पेढे वाटणे स्वाभाविक होते. मात्र भांडणाचा एक उपयोग असतो, तो बाहेरून आलेल्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. एका वाड्यावर अन्याय झाला, तर गाऱ्हाणे घेऊन दुसऱ्या वाड्यावर जाता येते. ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली नाही, तर विरोधी गटाचा फोन तरी जातो. दोन्ही दारे एक झाली, की सामान्य माणसाला दार उरत नाही.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचाचा अपहरण करून खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीला आडवे आल्यामुळे हे घडले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. धनंजय मुंडे यांचा निकटवर्तीय समजल्या जाणाऱ्या कार्यकर्त्याला आरोपपत्रात मुख्य आरोपी करण्यात आले. या प्रकरणात सर्वांत चढा आवाज लागला तो विरोधी पक्षाच्या नेत्याचा नव्हे, तर आष्टीचे अण्णा सुरेश धस यांचा. ते त्या वेळी सत्ताधारी भाजपचेच आमदार होते. ४ मार्च २०२५ रोजी धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला; प्रकृतीचे कारणही त्यांनी पुढे केले. त्या दिवसांत मस्साजोगला गेलेल्या बाहेरगावच्या वार्ताहरांना गावकरी आधी एकच प्रश्न विचारत, ‘तुम्ही कोणाकडून आलात?’