खडपांनी राखलेलं पाणी

डिसेंबरातली सकाळ, साडेसातचा सुमार. मालवणच्या जेट्टीवर मतलई वाहतेय. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे जाणारा हा कोरडा, गार वारा. पाणी परातीत ओतल्यासारखं सपाट. रात्रीच्या गाडीने पुण्याहून उतरलेली मंडळी डोळे चोळत लाइफ जॅकेटचे पट्टे ओढतायत. कुणाचं बक्कल लागत नाही, कुणाचं जॅकेट पोटावर बसत नाही. फलकावर कार्यक्रम रंगवलेला असतो: किल्ला, स्नॉर्केलिंग, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड. बारा-साडेबाराला परत, म्हणजे सुरमईचं ताट चुकायला नको.

एवढे पैसे घेऊन अर्ध्या दिवसात उरकतात की काय, असं पाहुण्याला वाटतं खरं. पण ही वेळ एजंटाने नाही, वाऱ्याने ठरवलेली आहे. दुपार झाली की वायव्येकडून समुद्रवारा धरतो, लाटा उठतात, तळाची वाळू ढवळते आणि मास्कमधून गढूळ हिरव्या पाण्याशिवाय काही दिसत नाही. मालवणचा मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या मतलईवर होडी बाहेर काढत आला आणि समुद्रवाऱ्यावर शीड भरून घरी परतला. पर्यटकांची फेरी त्याच जुन्या वेळापत्रकात बसली आहे.

जागाही जुनीच. फेरीतले मुख्य मुक्काम एका गोष्टीभोवती फिरतात, आणि ती फलकावर लिहिलेली नसते. ती म्हणजे खडप. पाण्याच्या वर डोकं काढणारे, भरतीला बुडणारे, किंवा हात-दोन हात खाली दबा धरून बसलेले खडक. मालवणचा बहुतेक इतिहास या खडपांनी घडवला आहे, आणि त्यांच्याकडे बघण्याची माणसांची नजर मात्र साडेतीनशे वर्षांत पार उलटीपालटी झाली आहे.

१६६४ साली शिवाजी महाराज या किनाऱ्यावर आले ते जागेच्या शोधात. जंजिऱ्याचा सिद्दी हाती लागत नव्हता, पोर्तुगीज गोव्यात बसलेले, इंग्रज-डचांच्या वखारी किनाऱ्याला लागलेल्या. मालवणसमोरचं कुरटे बेट त्यांच्या नजरेत भरलं. बेट सपाट, जेमतेम ४८ एकरांचं. त्याची खरी किंमत भोवतालच्या पाण्यात होती. मोठ्या जहाजाने सरळ चालून यावं, तर तळ खडपावर फाटायचा. आत शिरायची वाट अरुंद आणि वळणाची, आणि ती फक्त इथल्या नावाड्यांना ठाऊक. ज्या स्थानिकांनी जागा हेरायला मदत केली त्यांना इनामं दिली, असं परंपरा सांगते. ते इनाम पाण्याखालच्या माहितीचं होतं, असं म्हटलं तर चुकणार नाही.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर पूजा होऊन कामाला सुरुवात झाली. गणपती, शिवलिंग, चंद्र आणि सूर्य कोरलेला तिथला खडक आजही ‘मोरयाचा धोंडा’ म्हणून दाखवतात. म्हणजे मुहूर्तही खडकावरच लागला! हिरोजी इंदुलकरांनी तट उभारला. पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतलं. १६६७च्या मार्चअखेरीस सिंधुदुर्ग किल्ला पुरा झाला. जवळपास तीन किलोमीटर लांबीचा नागमोडी तट, आणि दरवाजा असा दोन बुरुजांच्या मिठीत लपवलेला की होडी अगदी पुढ्यात येईपर्यंत तो दिसतच नाही. आजही पहिल्यांदा जाणारा पर्यटक विचारतो, आत जायचं कुठून?

आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड झरे. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरातली शिवाजी महाराजांची मूर्ती मात्र थांबून बघण्यासारखी आहे. दाढी नाही आणि डोक्यावर नेहमीचा जिरेटोप नाही, नावाड्याच्या टोपीसारखं शिरस्त्राण आहे. घोड्यावरच्या राजाची सवय झालेल्या डोळ्यांना ती क्षणभर परकी वाटते. समुद्राकाठच्या माणसांनी आपला राजा आपल्यातलाच करून घेतला, एवढं तरी ती मूर्ती नक्की सांगते.

खडपांनी किल्ला कायमचा राखला असं मात्र नाही. १७६५ मध्ये मुंबईहून इंग्रजांचं आरमार आलं, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी किल्ला घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव ठेवलं. नाव टिकलं नाही. किल्ला सांभाळणं परवडेना, तेव्हा वर्षभरातच पैसे आणि व्यापाराला त्रास न देण्याची हमी घेऊन तो आधीचे धनी असलेल्या कोल्हापूरकरांना परत दिला. १८१२च्या तहाने तो पुन्हा इंग्रजांकडे गेला, तो कायमचा. कारण सांगितलं गेलं ते चाचेगिरीचं. आपल्या समुद्रात आपण जहाजं अडवली की ती चाचेगिरी, हा त्या काळचा कायदा होता.

पुढच्या शतकात खडपं नुसती अडचण होऊन बसली. मुंबई-गोवा मार्गावरच्या आगबोटी मालवणला बाहेरच नांगर टाकायच्या. चाकरमानी, त्यांच्या ट्रंका, पोती आणि कोंबड्या, सगळं पडावात उतरायचं आणि वल्ह्यांवर किनाऱ्याला यायचं. गणपतीला घरी येणाऱ्या कित्येक मालवणी माणसांच्या आठवणीत त्या पडावातली उडी अजून आहे. खडपांतून पडाव हाकणारा तांडेल आणि आज स्नॉर्केलिंगची होडी हाकणारा तरुण, यांचं कसब एकच. आज होडीला इंजिन असतं एवढाच फरक.

मग पाण्याखाली बघायला कोणी सुरुवात केली? मच्छीमारांना तळ ठाऊकच होता. कुठल्या खडपावर गोबरा मिळतो, कुठल्या कपारीत शेवंड दडते, हे गाबित मच्छीमारांच्या घरात लहानपणीच कळतं. कागदावर ते यायला मात्र १९७९ उजाडावं लागलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ कासिम आणि वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. तोवर प्रवाळ म्हटलं की लक्षद्वीप, अंदमान किंवा कच्छचं आखात. पावसाळ्यात नद्यांचा गाळ पिऊन लाल होणाऱ्या कोकणच्या पाण्यात प्रवाळ टिकेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नसे. इथले प्रवाळ म्हणूनच चिवट जातींचे आहेत. दगडी घुमटासारखे गोल वाढणारे, रंगाने मातकट-हिरवट, वर्षाला सेंटिमीटरभर पुढे सरकणारे. मालदीवच्या फोटोतल्या गुलाबी फांद्या इथे शोधू नयेत.

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात गाभ्याचं क्षेत्र ३.१८. या गाभ्यात पद्मगड येतो. ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून चालत जाता येतं तो हा छोटा दुर्ग. म्हणजे ज्या खडपांनी किल्ला राखला तीच खडपं आता सरकारने राखायला घेतली. गावाला हे काही मानवलं नाही. आमच्या पोटापाण्याच्या जागेवर आम्हालाच मज्जाव, असा मच्छीमारांचा विरोध सुरुवातीपासून राहिला, आणि त्यात तथ्यही होतं. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या माणसाला न विचारता नकाशावर रेघ मारली की ती रेघ पाण्यावरच राहते. अभयारण्य कागदावर आलं खरं, पण किनाऱ्यावर रुजलं नाही.

रुजलं ते पर्यटन. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मुंबईची माणसं कुडाळला उतरून तासाभरात समुद्रावर पोचू लागली. आधी मालवणशेजारच्या तारकर्लीचा किनारा गाजला, मग त्याचं पाणी. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने (एमटीडीसी) तारकर्लीला स्कूबा शिकवणारी संस्था काढली. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने जिल्ह्यात चाललेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पानेही स्थानिक तरुणांना पाण्याखालचे मार्गदर्शक म्हणून तयार केलं. बापाने ज्या खडपावर जाळं फाटू नये म्हणून होडी दूर ठेवली, त्याच खडपावर मुलगा मुद्दाम नांगर टाकू लागला.

आता त्या मुलाचं काम बघा. किल्ल्याच्या तटापासून थोड्या अंतरावर होडी थांबते. तो आधी स्वतः पाण्यात उतरतो. मग एकेका पाहुण्याला मास्क चढवतो, कपाळावरचे केस मागे सारतो, कारण एक केस आत राहिला तरी पाणी शिरतं. तोंडात नळी, दात घट्ट, नाक विसरायचं. पाहुणा रबरी ट्यूबला धरून पालथा तरंगतो आणि मुलगा पाय मारत ती ट्यूब ओढत नेतो. पहिली दोन मिनिटं नुसती धडपड. मग श्वास लयीत येतो आणि कानांवर फक्त आपलाच घरघराट उरतो. खाली पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या माशांचा थवा येतो, अगदी चष्म्याला नाक लावून. ते इतके धीट का, याचं उत्तर मुलाच्या मुठीत असतं. पावाचा किंवा पोळीचा भिजलेला गोळा.

ही मूठ म्हणजे साऱ्या धंद्याची गोम आहे. पाव टाकला की मासे येतात, मासे आले की पाहुणा खूश, फोटो झकास. पण पाव हे खडपावरच्या माशाचं अन्न नव्हे, आणि शेवाळ खुडणारा मासा पावाच्या मागे लागला तर खडपावर शेवाळ माजायला मोकळीक मिळते. दम लागलेला पाहुणा जिथे पाय टेकतो तो दगड बहुधा प्रवाळ असतो. २०२०मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’ या नियतकालिकात मालवणचीच कहाणी मांडली. हौशी डायव्हिंगमुळे इथले प्रवाळ मोडतायत, आणि जबाबदारी कुणाचीच नाही. खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. वाघाच्या पाठीवर उभं राहून फोटो काढायची हिंमत मात्र कुणी करत नाही.

डॉल्फिनची गोष्ट याहून नाजूक. कर्ली नदीच्या मुखाजवळ, देवबागच्या बाजूला दिसतात ते पाठीवर उंचवटा असलेले राखी डॉल्फिन. ते उथळ पाण्यात, नदीमुखांच्या आसपास राहतात, म्हणून तर अर्ध्या दिवसात सापडतात. ही जात आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. एक पाठ वर आली की पाच होड्या तिकडे वळतात, इंजिनं गरजतात, आणि पाठ पुन्हा दिसते ती भलत्याच दिशेला. जुना तांडेल इंजिन बंद करून थांबतो. त्याच्या होडीतल्या माणसांना डॉल्फिन उशिरा दिसतो, पण निवांत दिसतो.

शेवटचा मुक्काम त्सुनामी आयलंड. २००४च्या त्सुनामीनंतर कर्लीच्या खाडीत वर आलेला वाळूचा पट्टा, असं गावात सांगतात. भजी, शहाळी, वॉटर स्कूटरचा कल्ला. इतिहासकाराला इथे फारसं काम नाही.

दरवर्षी मेअखेरीला प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद होतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकल्या जातात. नारळी पौर्णिमेला मालवणात समुद्राला नारळ अर्पण होतो आणि मच्छीमार पुन्हा पाणी धरतात. ही बंदी नुसता उपचार नाही. २४ मे २०२२ रोजी, हंगाम संपत आला असताना, तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. मतलईच्या महिन्यांतला समुद्र आणि पावसाच्या तोंडावरचा समुद्र एक नव्हे, हे मालवणच्या म्हाताऱ्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. तिकीट फाडणाऱ्यांना ते दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात सिंधुदुर्गही आहे. गर्दी आता वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याच वर्षी जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ठरली. नौदलाची ‘आयएनएस गुलदार’ ही सुमारे ८४ मीटर लांबीची युद्धनौका पोलंडमध्ये बांधलेली होती, १९८५ मध्ये दाखल झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. ती एमटीडीसीच्या ताब्यात देण्यात आली आहे. मालवणच्या दक्षिणेला निवतीच्या खडकांपाशी ती तळाला बसवायची, तिच्यावर प्रवाळ धरू द्यायचे आणि पर्यटकांना खाली उतरवून ते दाखवायचे, अशी योजना आहे. ज्या खडपांना चुकवण्यासाठी जहाजांनी शतकानुशतकं नांगर बाहेर टाकले, त्यांच्या शेजारी जहाज बुडवायला आता सरकारनेच पैसे मंजूर केले आहेत.